डेबियनमधे हवं ते सॉफ्टवेअर नाहीये? मग रीतसर मागा, आरएफपी टाका

लिनक्सवर नवीन आलेल्या माणसाचं एक ठरलेलं असतं. डेबियनवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, अमुक सॉफ्टवेअर ॲप्टने (सॉफ्टवेअर टाकायच्या तिथल्या टूलने) टाकायला जातो, "अनएबल टू लोकेट पॅकेज" असं उत्तर येतं, मग तो कुठल्यातरी साइटवरून डेब फाइल आणतो किंवा कोणीतरी सांगितलेली कर्ल-पाइप-सुडो-बॅश वाली लांबलचक ओळ टर्मिनलमधे चिकटवतो, आणि सहा महिन्यांनी अपग्रेड करताना सगळं अडकून बसलं की शिव्या मात्र लिनक्सला. मी स्वतः हे दोनदा केलंय. डेबियनच्या लोकांनी या प्रकाराला "फ्रँकनडेबियन" असं नावच ठेवलंय, म्हणजे दहा ठिकाणचे अवयव जोडून उभा केलेला राक्षस.

पण याच्याशिवाय अजून एक रस्ता आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. तो म्हणजे डेबियनला सांगायचं की बाबांनो हे सॉफ्टवेअर तुमच्याकडे नाहीये, ते आणता येईल का. त्यासाठी डेव्हलपर असावं लागत नाही, अकाउंट काढावं लागत नाही, पैसे तर नाहीतच. एक ईमेल पुरतो. फक्त तो ईमेल नीट लिहिलेला पाहिजे, आणि ही सगळी बडबड त्या "नीट" साठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, इथे मी कमांड, पत्ते, सगळं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांतच करायचं, नाहीतर मला म्हणाल की चालत नाही.

हे कोणाकडे मागतोय आपण?

हे समजलं की अर्धं काम झालं. डेबियन ही कंपनी नाही. १९९३ च्या ऑगस्टमधे इयान मरडॉकने सुरू केलेला हा प्रोजेक्ट आजही स्वयंसेवकांवर चालतो. २०२५ च्या ऑगस्टमधे डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी आलं त्यात ६९,८३० पॅकेजेस (टाकायला तयार करून ठेवलेले सॉफ्टवेअरचे गठ्ठे) होती आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाची काळजी कोणीतरी माणूस किंवा टीम घेते, बहुतेक जण नोकरी-संसार सांभाळून. आपल्या गल्लीतल्या गणपती मंडळासारखं समजा, मांडव घालणारी पोरं पगारी नाहीत, त्यांना "यावर्षी देखावा हलता पाहिजे" असं सांगता येतं पण ऑर्डर सोडता येत नाही. आणि जो सांगतो तो निदान शिडी धरायला उभा राहिला तर देखावा होण्याची शक्यता वाढते.

अजून एक. डेबियनमधे पॅकेज आणणारा माणूस ते एकदा आणून मोकळा होत नाही. स्टेबल, म्हणजे सगळ्यांनी वापरायची पक्की, रिलीज निघाल्यावर तीन वर्षं नेहमीचा सपोर्ट आणि पुढे एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) धरून एकूण पाच वर्षं. तेवढ्या काळात त्या सॉफ्टवेअरमधे सिक्युरिटीचं भोक सापडलं तर फोन त्यालाही. त्यामुळे "एवढंसं तर टूल आहे, टाकून द्या की" असं आपल्याला वाटतं तेव्हा समोरचा माणूस पाच वर्षांचा हिशोब करत असतो.

तर या मागणीला म्हणतात आरएफपी, रिक्वेस्ट फॉर पॅकेज. तांत्रिकदृष्ट्या तो एक बग रिपोर्ट असतो. जे पॅकेज अस्तित्वातच नाही त्याच्यावर बग कसा टाकणार, म्हणून डेबियनने डब्ल्यूएनपीपी नावाचं एक खोटं-खोटं पॅकेज ठेवलंय, अशा सगळ्या मागण्या त्याच्या नावावर जमा होतात. तिथे आरएफपीची भावंडंही दिसतील: आयटीपी म्हणजे "मी हे पॅकेज करायला घेतलंय", नुसता ओ म्हणजे ऑर्फन्ड, अनाथ झालेलं पॅकेज, आरएफए म्हणजे "माझ्याच्याने आता होत नाही, कोणी दत्तक घ्या", आणि आरएफएच म्हणजे "हात लावा जरा". नवीन माणसाने आरएफपी आणि आयटीपी यातला फरक तेवढा पक्का लक्षात ठेवायचा, कारण लोक उत्साहात आयटीपी टाकून बसतात आणि मग सगळ्यांना वाटतं हा माणूस काम करतोय, तो बिचारा वाट बघतोय.

पायरी एक: खरंच नाहीये का ते बघा

हसू नका, चुका इथेच जास्त होतात.

आधी ॲप्ट सर्च आणि पुढे नाव. नाही मिळालं तर कामाचा शब्द टाकून बघा, कारण डेबियनमधे नावं बदललेली असतात. एफडी नावाचं फाइल शोधायचं टूल तिथे एफडी-फाइंड या नावाने आहे. बॅट हे टूल आहे पण टाकल्यावर कमांड बॅटकॅट होते. आणि नोडचा किस्सा तर भारीच, हॅम रेडिओवाल्यांचं नोड नावाचं पॅकेज डेबियनमधे आधीपासून होतं त्यामुळे जावास्क्रिप्टवाल्या नोडला नोडजेएस म्हणून आत यावं लागलं. कमांडचं नाव माहितीये पण पॅकेजचं नाही, असं असेल तर ॲप्ट-फाइल टाकून घ्या, ती कुठली फाइल कुठल्या पॅकेजमधे आहे ते सांगते.

मग पॅकेजेस डॉट डेबियन डॉट ऑर्ग वर जाऊन एकच सूट (डेबियनची शाखा) न निवडता सगळ्यांत शोधा. तुमच्या स्टेबलमधे नसेल पण टेस्टिंगमधे, म्हणजे पुढच्या रिलीजची तयारी चालते तिथे, किंवा नवीन पॅकेज आधी येतं त्या अनस्टेबलमधे, म्हणजे सिडमधे, आलेलं असेल. तसं असेल तर मागणी करायची गरजच नाही, ते सहसा पुढच्या रिलीजमधे येतं, फारतर बॅकपोर्ट (नवीन पॅकेज सध्याच्या स्टेबलसाठी बनवून देणं) मागा. कधी ते नॉन-फ्री (लायसन्स मुक्त नसलेलं) किंवा कॉन्ट्रिब (स्वतः मुक्त पण अमुक्त गोष्टींवर अवलंबून) विभागात असतं आणि तुमच्या सोर्सेस लिस्टमधे तो विभागच चालू नसतो. अनरार नॉन-फ्रीमधे आहे, मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट उतरवून देणारं पॅकेज कॉन्ट्रिबमधे आहे.

मराठीचं काही शोधत असाल तर आधी टास्क-मराठी आणि टास्क-मराठी-डेस्कटॉप बघा बरं का. लोहित देवनागरी फॉन्ट, लिब्रेऑफिसचं मराठी भाषांतर, ॲस्पेलची मराठी शब्दयादी, टेसेरॅक्ट ओसीआरचा मराठी डेटा हे सगळं केव्हापासून आहे आणि आपल्याच लोकांना पत्ता नसतो.

तिसरं, ते पूर्वी होतं आणि काढून टाकलं असं तर नाही ना? ट्रॅकर डॉट डेबियन डॉट ऑर्ग वर जुन्या पॅकेजचं पान सापडतं आणि कधी काढलं ते दिसतं, तिथून का काढलं त्याचाही माग लागतो. पायथन २ काढायच्या मोहिमेत कितीतरी पॅकेजेस गेली कारण मूळ लेखकांनी पायथन ३ वर आणलीच नाहीत. असं सॉफ्टवेअर परत मागून काही होणार नाही, कारण ते आहे तिथेच उभं आहे. मोंगोडीबीचंही तसंच, २०१८ मधे त्यांनी लायसन्स बदललं आणि ते डेबियनच्या नियमात बसेना म्हणून बाहेर गेलं, आता कितीही आरएफपी टाका.

चौथं आणि शेवटचं, कोणी आधीच मागितलंय का. डेबियनच्या साइटवर डब्ल्यूएनपीपीच्या याद्या आहेत, "रिक्वेस्टेड" आणि "बीइंग पॅकेज्ड" अशा दोन्ही चाळा. टर्मिनल आवडत असेल तर डेव्हस्क्रिप्ट्स पॅकेज टाकून डब्ल्यूएनपीपी-चेक आणि पुढे नाव, एका ओळीत उत्तर. आधीची मागणी सापडली तर नवीन टाकू नका, त्याच बगच्या नंबरवर मेल टाकून तुमच्याकडे जास्तीची माहिती असेल ती द्या. "प्लस वन" किंवा "मलाही हवंय" एवढंच असेल तर मात्र नका लिहू, प्रत्येक मेल चार जणांच्या इनबॉक्समधे जातो.

आणि हो, सॉफ्टवेअर आहे पण व्हर्जन जुनं आहे, ही तक्रार आरएफपीची नाही. तो त्या पॅकेजवर विशलिस्ट, म्हणजे "असं असतं तर बरं" प्रकारचा, बग असतो. आणि स्टेबलमधे सहसा नवीन व्हर्जन येत नसतं, स्टेबल नाव त्यासाठीच आहे, ते सिक्युरिटीच्या आणि गंभीर दुरुस्त्या सोडून मुद्दाम गोठवलेलं असतं.

पायरी दोन: सॉफ्टवेअरचा सातबारा काढा

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण माझी पहिली मागणी इथेच आपटली.

मला हवं होतं एक छोटं टूल, जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमधे करून देणारं. ज्यांनी डीटीपीवाल्यांबरोबर काम केलंय त्यांना कळेल, वीस-पंचवीस वर्षांच्या फायली श्रीलिपीत, सुरेखमधे, कृतिदेवमधे पडून आहेत आणि उघडल्या की नुसता कचरा दिसतो. हे टूल सुंदर चालत होतं, कोड सगळा उघडा गिटहबवर. मी आरएफपी टाकला, दोन दिवसांत उत्तर आलं, एकाच ओळीचं: लायसन्स कुठाय? मी म्हटलं अहो सोर्स कोड सगळ्यांना दिसतोय की. तर नाही. कोड दिसतो म्हणजे तो वापरायची, बदलायची, वाटायची परवानगी आहे असं होत नाही. शेजाऱ्याचा आंबा कुंपणावरून दिसतो म्हणून तो आपला होत नाही ना. लायसन्स फाइल नसेल तर कायद्याने सगळे हक्क लेखकाकडेच राहतात.

जमीन घेताना आधी सातबारा बघतात तसं सॉफ्टवेअर मागताना आधी लायसन्स बघायचं. लायसन्स किंवा कॉपीइंग नावाची फाइल शोधा. जीपीएल, एमआयटी, बीएसडी, अपाचे २.० असं काही असेल तर सहसा प्रश्न नाही. फॉन्ट असेल तर एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स चालतं. डेबियनची स्वतःची एक कसोटी आहे, डीएफएसजी (डेबियन फ्री सॉफ्टवेअर गाइडलाइन्स), १९९७ पासूनची, तिच्यात बसलं तरच मेनमधे, म्हणजे मुख्य विभागात, जागा.

कुठे अडतं? "फक्त अव्यावसायिक वापरासाठी" असं लिहिलं की संपलं, कारण कोणी कशासाठी वापरायचं यावर बंधन घालता येत नाही. आपल्याकडच्या भाषेच्या टूल्सवर, कॉर्पसवर (मजकुराच्या संग्रहांवर) "शैक्षणिक आणि संशोधनासाठीच" अशी अट बऱ्याचदा दिसते, हेतू चांगला असतो पण डेबियनच्या दारात ते थांबतं. क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्समधे एनसी (अव्यावसायिकच) किंवा एनडी (बदल करायचे नाहीत) अक्षरं दिसली तर तेच. जेसन या डेटा लिहायच्या पद्धतीच्या जुन्या लायसन्समधे तर एक गमतीचं वाक्य आहे, हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावं, वाईट नाही. ऐकायला किती गोड, पण डेबियनने ते लायसन्स अमुक्त ठरवलं, कारण वाईट काय हे ठरवणार कोण. मला आधी हे अतिरेकी वाटायचं, आता वाटत नाही. पाच वर्षं हजारो सर्व्हरवर चालणाऱ्या गोष्टीत "लेखकाच्या मते चांगलं" अशी अट ठेवून कसं जमेल.

नुसत्या मुख्य कोडवर भागत नाही हेही बघा. आत आयकॉन कुठून आणलेत, आवाजाच्या फायली कोणाच्या, नमुन्याचा डेटा कोणाचा. गेम असेल तर कोड मुक्त आणि चित्रं बंदिस्त असं हमखास असतं. आवळून एका ओळीत कोंबलेली जावास्क्रिप्ट आहे आणि तिचा मूळ वाचण्यासारखा सोर्स कुठेच नाही, हेही चालत नाही. आधीच बनवलेली बायनरी आत टाकलेली आहे, तेही नाही. तुम्हाला हे सगळं शोधता आलं नाही तरी हरकत नाही, पण वरवर दिसेल तेवढं बघून मेलमधे लिहिलंत तर काम घेणाऱ्याचा एक अख्खा रविवार वाचतो.

लायसन्स नसेल तर काय करायचं? लेखकालाच विचारायचं. माझ्या टूलचा लेखक मराठीच निघाला, मी त्यांना साधं लिहिलं, "सर, तुमचं टूल डेबियनमधे यावं असं वाटतं, त्यासाठी लायसन्स फाइल लागेल, तुम्हाला जे योग्य वाटेल ते निवडा". त्यांना वाटत होतं गिटहबवर टाकलं म्हणजे ओपन सोर्स झालं. आठवड्यात जीपीएलची फाइल चढवली. एवढ्या एका मेलने जे झालं ते माझ्या आरएफपीने झालं नसतं.

पायरी तीन: जिवंत आहे का, आणि लवाजमा किती आहे

शेवटचा बदल कधी झाला ते बघा. चार वर्षांपूर्वी असेल आणि प्रश्नांना कोणी उत्तर देत नसेल तर ते पॅकेज घ्यायला कोणी पुढे येणार नाही, दुरुस्त्या कोण करणार? नंबर दिलेली रिलीजेस निघतात का तेही बघा, कारण पॅकेज करणाऱ्याला "आवृत्ती १.४" असं काहीतरी ठोस हवं असतं, "कालचा कोड" नाही.

मग अवलंबित्व, म्हणजे डिपेंडन्सीज. डेबियनमधे पॅकेज बिल्ड होताना इंटरनेटला हात लावायची परवानगी नाही, लागणारी प्रत्येक लायब्ररी सहसा आधी डेबियनमधे स्वतंत्र पॅकेज म्हणून असावी लागते. सीमधलं छोटं टूल असेल तर सोपं. पायथनचं असेल आणि नेहमीच्याच लायब्ररी वापरत असेल तरी सोपं. पण इलेक्ट्रॉनवर (वेब तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवायचा सांगाडा) बनवलेलं चॅट ॲप, ज्याच्या खाली एनपीएमच्या, म्हणजे जावास्क्रिप्टच्या भांडारातल्या, शेकडो लायब्ररी, त्यातल्या निम्म्या चार ओळींच्या, ते म्हणजे एका नवरदेवामागे चार बस वऱ्हाड. सगळ्यांची सोय झाल्याशिवाय लग्न लागत नाही. गिटलॅब डेबियनमधे आणताना नेमकं हेच झालं, रुबीच्या आणि नोडच्या लायब्ररी एकेक करून आणायला माणसांनी वर्षं घातली. सिग्नलचं डेस्कटॉप ॲप, व्हीएस कोड हे ॲप्टमधे का नाहीत असं विचारणाऱ्यांनी एकदा त्यांच्या डिपेंडन्सीजची यादी उघडून बघावी, भांडण तिथेच मिटेल.

म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरला काय काय लागतं त्याची यादी करा आणि त्यातलं डेबियनमधे काय आहे, काय नाही एवढं बघून ठेवा. "पाच लायब्ररी लागतात, चार आहेत, एक नाही" हे वाक्य तुमच्या मागणीतलं सगळ्यात किमती वाक्य असेल.

पायरी चार: मेल लिहा

दोन पद्धती. डेबियन वापरत असाल तर टर्मिनलमधे रिपोर्टबग डब्ल्यूएनपीपी अशी कमांड द्या. पहिल्यांदा चालवताना नाव, ईमेल विचारेल, मेल सर्व्हर नसेल तर डेबियनचाच वापरायची सोय त्यात आहे. मग प्रकार विचारेल, तिथे आरएफपी निवडा, पॅकेजचं नाव द्या, एका ओळीत वर्णन द्या, आणि मग एडिटर उघडून साचा समोर ठेवेल, रिकाम्या जागा भरा म्हणजे झालं. उबुंटू किंवा मिंटवाल्यांनी सरळ हातानेच मेल पाठवावा, कमी गोंधळ होतो.

हातानं पाठवायचा मेल साधारण असा:

कोणाला: सबमिट ॲट बग्ज डॉट डेबियन डॉट ऑर्ग
सब्जेक्ट: आरएफपी: पॅकेजचं-नाव -- एका ओळीत वर्णन

पॅकेज: डब्ल्यूएनपीपी
सिव्हिअरिटी: विशलिस्ट

पॅकेज नेम: छोट्या अक्षरांत, जोडायला आडवी रेघ
व्हर्जन: सध्याचा नंबर
अपस्ट्रीम कॉन्टॅक्ट: मूळ लेखक किंवा प्रोजेक्टचा जाहीर पत्ता
यूआरएल: मूळ साइट
लायसन्स: जे असेल ते नेमकं, नुसतं "ओपन सोर्स" नाही
प्रोग्रॅमिंग लँग: सी, पायथन, रस्ट, जे असेल ते
डिस्क्रिप्शन: एक ओळ, आणि खाली मोठं वर्णन

"पॅकेज" आणि "सिव्हिअरिटी" या दोन ओळी मेलच्या मजकुरात अगदी सुरुवातीला पाहिजेत, "डियर सर" च्याही आधी, कारण त्या माणूस नाही, मशीन वाचतं. मी पहिल्यांदा वर नमस्कार-चमत्कार घातला होता आणि मेल भलतीकडेच गेला. मेल प्लेन टेक्स्टमधे पाठवा, जीमेलमधे तो पर्याय तीन ठिपक्यांच्या मेनूत आहे.

वर्णन लिहिताना जाहिरात करू नका. "अतिशय वेगवान, आधुनिक, सर्वोत्तम" असले शब्द बघितले की डेबियनच्या जुन्या माणसांना ॲलर्जी उठते. काय करतं, कोणासाठी, आणि असंच दुसरं काही डेबियनमधे आधीच असेल तर हे कशात वेगळं आहे, एवढं पुरे. हा शेवटचा मुद्दा टाळू नका, कारण पहिला प्रश्न तोच येतो. मी माझ्यात लिहिलं होतं की दुसरी कन्व्हर्टर टूल्स कृतिदेवची हिंदी धरून चालतात आणि मराठीतला ळ आणि ॲ बिघडवतात, हे बिघडवत नाही. त्यावर एका जर्मन माणसाने मला ळ म्हणजे काय विचारलं, मी दोन परिच्छेद लिहिले, मजा आली.

इंग्रजीची भीती बाळगू नका हो. मेल इंग्रजीतच लिहावा लागतो हे खरं, पण तिथे अर्ध्या लोकांची इंग्रजी मातृभाषा नाहीये. छोटी साधी वाक्यं लिहा. व्याकरण चुकलं म्हणून कोणी मागणी फेकत नाही, माहिती अर्धवट असली तर मात्र बाजूला पडते.

आणि एक फार महत्त्वाचं: हे सगळं जाहीर असतं आणि कायमचं राहतं. तुमचा ईमेल पत्ता, तुमचं नाव, खाली सिग्नेचरमधे मोबाइल नंबर आणि ऑफिसचा पत्ता असेल तर तोही, सगळं वेबवर दिसणार, स्पॅमवाल्यांना पण. नंतर काढून टाका म्हटलं तर होत नाही. त्यामुळे वेगळा ईमेल वापरा आणि सिग्नेचर पुसून मगच सेंड करा. ऑफिसच्या मेलवरून तर अजिबात नको, तळाला ती "हा मजकूर गोपनीय आहे" वाली पाटी घेऊन जाहीर जागेत गेलेले मेल बघितलेत मी.

पायरी पाच: आता काय

थोड्या वेळाने आपोआप उत्तर येईल आणि त्यात बगचा नंबर असेल. तो जपून ठेवा. पुढे काही सांगायचं असेल तर तो नंबर ॲट बग्ज डॉट डेबियन डॉट ऑर्ग या पत्त्यावर मेल केला की त्याच धाग्यात जातो.

त्या विषयाची टीम असेल तर तिला कळवलं तर शक्यता वाढते. फॉन्टची टीम वेगळी, पायथनची वेगळी, रस्टची, गोची, गेम्सची, विज्ञानाची, डॉक्टरी सॉफ्टवेअरची डेबियन मेड अशा टीम आहेत. एक सभ्य मेल, बगचा नंबर देऊन, बस.

मग वाट. खरं सांगायचं तर बऱ्याच मागण्या वर्षानुवर्षं तशाच पडून असतात, आणि त्यात कोणाचा आळस नाही, माणसं कमी आणि मागण्या जास्त. दर महिन्याला "एनी अपडेट?" विचारू नका, त्याने काही हलत नाही. त्यापेक्षा नवीन व्हर्जन आलं, लायसन्स स्पष्ट झालं, जी लायब्ररी नव्हती ती आता डेबियनमधे आली, असं काही घडलं की कळवा. अशा मेलने धागा परत वर येतो आणि कोणाच्यातरी नजरेस पडतो.

एखाद्या दिवशी बगचं नाव आरएफपीचं आयटीपी झालेलं दिसेल. म्हणजे कोणीतरी घेतलं. तो माणूस पॅकेज बनवून अपलोड करतो आणि मग ते "न्यू" नावाच्या रांगेत उभं राहतं. तिथे डेबियनची त्यासाठी नेमलेली माणसं कॉपीराइट, लायसन्स वगैरे तपासतात, मगच आत. कधी काही दिवस, कधी काही महिने. आत गेलं की अनस्टेबलमधे दिसतं, तुमचा बग आपोआप बंद होतो आणि मेल येतो, त्यानंतर काही मोठी अडचण निघाली नाही तर काही दिवसांत टेस्टिंगमधे उतरतं. फक्त रिलीजच्या आधी फ्रीझ असतो, ट्रिक्सीच्या वेळी १५ एप्रिल २०२५ पासून नवीन पॅकेजेसना टेस्टिंगचं दार बंद होतं ते रिलीज होईपर्यंत, म्हणजे ९ ऑगस्टपर्यंत. रिलीज साधारण दोन वर्षांनी एकदा, त्यामुळे वेळ चुकली तर थेट पुढची गाडी. स्टेबलवर असाल तर बॅकपोर्ट्सवर येईल अशी आशा ठेवा किंवा पॅकेज सांभाळणाऱ्याला विनंती करा.

उबुंटूवाल्यांचाही फायदा यातच आहे, कारण उबुंटू आपल्या प्रत्येक आवृत्तीच्या सुरुवातीला डेबियन अनस्टेबलमधून नवीन पॅकेजेस ओढून घेतं, आणि मिंट उबुंटूवर उभं आहे. एकदा डेबियनमधे आलं की खालच्या सगळ्या पाटांना पाणी मिळतं.

तोवर काम अडलं असेल तर फ्लॅटपॅक किंवा ॲपइमेज वापरा, ते मुख्य सिस्टिमच्या फायलींत मिसळत नाहीत आणि नको झाले की निघून जातात. उबुंटूचं पीपीए (उबुंटूसाठी कोणीतरी चालवलेलं वेगळं पॅकेज-भांडार) डेबियनमधे जोडू नका, कितीही जणांनी चालतं म्हणून सांगितलं तरी.

आणि कोणीच घेतलं नाही तर स्वतः शिकायचा पर्याय आहेच. पॅकेज करणं म्हणजे मुख्यतः डेबियन नावाचा एक फोल्डर बनवून त्यात कंट्रोल, रूल्स, कॉपीराइट, चेंजलॉग अशा फायली लिहिणं. मेंटर्स डॉट डेबियन डॉट नेट वर टाकून अनुभवी डेव्हलपरकडून तपासून घेता येतं, आणि तो तुमच्या वतीने अपलोड करतो. तो वेगळाच विषय आहे, इथे नको.

माझ्या टूलचं काय झालं? चौदा महिने शांतता. मग एकाने आयटीपी केला, न्यू रांगेतून एकदा परत आलं कारण चाचणीच्या फोल्डरमधे कुठल्यातरी वर्तमानपत्राचा उतारा जसाच्या तसा होता आणि तो वाटायची परवानगी कोणाकडे नव्हती. लेखकाने तो काढून स्वतः चार ओळी लिहिल्या, दुसऱ्यांदा गेलं. ज्या दिवशी ॲप्टने ते आलं त्या दिवशी मी कौतुकाने गावाकडच्या एका जुन्या स्मरणिकेची फाइल त्यात घातली आणि बघतो तर "डोंगरदऱ्या" चं "डोंगरदर्या" झालेलं. त्या पॅकेजवरचा पहिला बग माझाच आहे.